आधी एसी बंद करा

माझी वहिनी भांडकुदळ नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून तुमचा तसा समज होईल. भांडकुदळ मी आहे. मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. दिवसभर माझ्या शेजारी बसून लोक नको तेव्हा क्लच सोडतात, आणि माझ्या पायाशी एक जादाचा ब्रेक असतो म्हणून मी आजवर धडधाकट आहे. असल्या धंद्यात माणसाचा आवाज चढतोच. वहिनीचा कधी चढत नाही. ती एकच वाक्य बोलते आणि मग समोरच्याकडे नुसती बघत राहते. माझं ओरडणं परवडलं, पण तिचं ते बघणं नको.

तिच्या उजव्या हाताला तीनच बोटं आहेत. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट लहानपणी वडिलांच्या छापखान्यात कागद कापायच्या यंत्राखाली गेलं. दादाशी लग्न होऊन ती घरात आली तेव्हा येणारा-जाणारा चौकशी करायचा, आणि ती प्रत्येकाला निराळं उत्तर द्यायची. मावशीला सांगितलं, मगरीनं नेली. शेजारच्या काकांना म्हणाली, एका मैत्रिणीला उसनी दिलीत, आता परत मागायला संकोच वाटतो. लोक ओशाळून हसायचे आणि पुन्हा विषय काढायचे नाहीत. तिला तेवढंच हवं असायचं.

दादानं तिला माझ्याकडे गाडी शिकायला पाठवलं. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "वहिनी, गिअर कसा टाकशील गं?"

"तू कसा टाकतेस?"

मी टाकून दाखवला.

"यात करंगळी कुठे लागली?" ती म्हणाली.

मी पुन्हा टाकून पाहिला. खरंच कुठे लागत नव्हती. एवढी वर्षं मी लोकांना गिअर शिकवत होते, पण करंगळी तिथे नुसती पाहुण्यासारखी बसलेली असते हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. त्या दिवसापासून आमचं जमलं. एरवी ती मला ताई म्हणते. चिडवायचं असलं की "काय वन्सं" म्हणते, म्हणजे मी समजायचं की आता काहीतरी माझ्या गळ्यात पडणार.

वहिनी सूक्ष्मजीवशास्त्रात डॉक्टरेट करत होती. तिचा विषय म्हणजे शाई खाणारे जंतू. माहेरच्या छापखान्यामागे रद्दीचा एक ओला ढीग वर्षानुवर्षं पडून होता. त्या ढिगातल्या खालच्या कागदांवरची अक्षरं पुसट होत जातात हे तिनं शाळेत असतानाच पाहिलं होतं. पावसानं पुसली असतील असं सगळे म्हणत. तिला ते पटलं नव्हतं. मोठेपणी ती त्या ढिगातला चिखल उचलून प्रयोगशाळेत घेऊन गेली आणि त्यातून तिनं एक जंतू वेगळा काढला. काचेच्या चपट्या बशीत, तिला ते लोक प्लेट म्हणतात, शाई घालून काळंनिळं खाद्य ओतायचं. त्यावर हा जंतू सोडला की त्याच्या ठिपक्याभोवती पांढरं वलय पडतं, कारण तिथली शाई त्यानं फस्त केलेली असते. एकदा मला तिनं ती प्लेट उजेडात धरून दाखवली. "बघ, माझी पोरं कशी जेवलीत," ती म्हणाली. मी गाड्यांमधली बाई, मला त्यातलं काय कळणार! पण ते वलय मलाही आवडलं. रद्दीचा कागद धुवायला कारखान्यांत जी जहाल रसायनं ओततात, ती उद्या यांच्यामुळे कमी होतील, असं ती सांगायची.

आता या कामातली एक रीत सांगायला हवी, कारण सगळं रामायण तिथूनच झालं. एका नळीतले जंतू दुसरीकडे न्यायचे तर नळीचं झाकण काढावं लागतं. ते झाकण टेबलावर ठेवायचं नाही. टेबलावर हजार जंतू असतात, ते झाकणाला लागले की काम नासलं. मग ते धरायचं कुठे? डाव्या हातात नळी असते. उजव्या हातात तार असते, टोकाला बारीक कडी असलेली. म्हणून झाकण उजव्या हाताच्या करंगळीत अडकवायचं. जगात सगळीकडे हे असंच शिकवतात म्हणे. पहिल्या वर्षाच्या पोरांना महिनाभर तेवढंच घोटायला लावतात.

वहिनीनं तार डाव्या हातात धरून पाहिली, पण मग प्लेटवरच्या रेघा थरथरायला लागल्या. शेवटी दादाला कामाला लावलं. दादा लिफ्ट दुरुस्त करतो, त्याच्या हाताला लोखंड आवडतं. त्यानं एक छोटं स्टँड बनवलं, नळीला तिरपं धरून ठेवणारं. पहिलं इतकं जड झालं की त्यावर लिफ्ट उभी राहिली असती. दुसरं डुगडुगायचं. तिसरं जमलं. ते बर्नरच्या ज्योतीजवळ ठेवायचं, त्यात नळी अडकवायची. उजव्या हाताच्या तीन बोटांत तार, आणि डावा हात झाकणाला मोकळा. इतकं साधं होतं ते.

तिच्या मार्गदर्शकाला सगळे नुसतं 'सर' म्हणत. सर वाईट माणूस नव्हते, हे मी मुद्दाम सांगते. हसतमुख, गोडबोले, पोरींना "बेटा" म्हणणारे. फक्त त्यांना उकाडा सोसवत नसे. त्यांच्या प्रयोगशाळेत टेबलांच्या बरोबर वर एक जुनाट एसी होता. तो सकाळी सरांबरोबर सुरू व्हायचा आणि सरांबरोबर बंद व्हायचा. पहिल्या वर्षाचं पोरसुद्धा सांगेल की ज्योतीजवळ काम चालू असताना पंखा किंवा एसी लावायचा नसतो. वारा सुटला की हवेतली घाण उघड्या प्लेटवर येऊन बसते. हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, सरांना तर सगळ्यात जास्त, कारण ते स्वतःच शिकवायचे. पण सरांचा एसी कोण बंद करणार? सगळे मूग गिळून गप्प. ज्योत आपली वाऱ्यावर नाचायची आणि तिच्याजवळ लोक काम करायचे.

एक दिवस प्लेटांवर हिरवट बुरा यायला लागला. आधी वहिनीच्या प्लेटांवर, मग बाकीच्यांच्याही. बुरशी एकदा शिरली की काम संपलं, कारण शाई जंतूनं खाल्ली की बुरशीनं, कसं कळणार? सरांनी सगळ्यांना गोळा केलं, प्लेटा पाहिल्या आणि मग वहिनीच्या हाताकडे पाहिलं.

"बेटा, वाईट वाटून घेऊ नकोस," ते म्हणाले. "पण पद्धत म्हणजे पद्धत. ते स्टँड वगैरे ठीक आहे, हौस म्हणून. इथून पुढे उचलण्या-सोडण्याचं काम हा करेल. तू नोंदी कर, लिही. लिहितेस छान."

'हा' म्हणजे तिच्याबरोबरचा एक विद्यार्थी. वहिनीनं त्याचं नाव निर्जंतुक ठेवलं होतं, कारण तो दाराची कडीसुद्धा रुमालानं धरायचा. पोरगा बिचारा गरीब होता, सर सांगतील ते करायचा. झालं! जंतू वहिनीचे, आणि हात निर्जंतुकाचे. ती शेजारी स्टुलावर बसून बघणार.

ती घरी येऊन हे सांगत होती तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिकाऊ माणसाच्या हातात गाडी बंद पडली की दोष त्याचाच, हे मी रोज बघते. पेट्रोल संपलेलं असलं तरी दोष त्याचाच. "उद्या मी येते तुझ्या सरांकडे," मी म्हटलं.

"तू येऊन काय करशील?"

"ओरडेन."

"त्यानं बुरशी जाईल का?" तिनं विचारलं, आणि भाजी चिरायला घेतली.

तिनं काय केलं, तर साध्या खाद्याच्या काही प्लेटा घेतल्या आणि झाकणं काढून खोलीभर ठेवल्या. एक दाराशी, एक बेसिनपाशी, एक खिडकीत, एक एसीच्या खाली, एक तिच्या त्या स्टँडशेजारी. थोडा वेळ एसी चालू असताना. मग सर जेवायला गेल्यावर एसी बंद करून तसाच दुसरा संच. झाकणं लावून सगळ्या वाढायला ठेवल्या. एसी बंद असतानाच्या प्लेटांवर इकडेतिकडे एखादा ठिपका. एसीखालच्या प्लेटवर मात्र हिरवागार गालिचा. तिनं तो गालिचा नेऊन सरांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "सर, ही तुमच्या एसीची."

सर हसले. "अगं, उघडी ठेवलीस तर उगवणारच ना काहीतरी!"

पण त्याच आठवड्यात माणूस बोलावून त्यांनी एसी साफ करून घेतला. जाळीतून निघालेला चिकट काळा थर निर्जंतुकानं पाहिला आणि त्याला उलटीच व्हायची बाकी राहिली. मग बुरा थांबला. आता तरी सर कबूल करतील की नाही? छे! सरांनी विभागात सांगितलं की हात बदलले म्हणून काम सुधारलं. निर्जंतुक मान खाली घालून उभा राहिला. वहिनी स्टुलावरच राहिली, आणि एसी परत सुरू झाला.

हे असं चाललं असताना तो पुरस्कार जाहीर झाला. सूक्ष्मजीवशास्त्रात पुढचं शिक्षण घेणाऱ्या स्त्रियांसाठी, त्यातही ज्यांना या क्षेत्रात कुणी धड जागा दिली नाही त्यांना सामावून घेण्यासाठी. नाव एवढं लांब होतं की म्हणता म्हणता चहा निवावा. पण मिळणार काय होतं ते वहिनीनं मला एका दमात सांगितलं. निवड झालेल्या मुलीला मध्यवर्ती संशोधन संस्थेत वर्षभर स्वतःचं टेबल. तिचा विषय, तिचे जंतू, तिचे हात. मध्ये कुणी नाही.

"म्हणजे स्टुलावरून उठायचं," मी म्हटलं.

"हो. नाहीतर माझी डॉक्टरेट दुसऱ्याच्या करंगळीवर होणार." ती हसली नाही. "ताई, मला हे हवंच आहे गं." एवढ्या वर्षांत मला काहीतरी हवंय असं ती पहिल्यांदा म्हणाली होती.

शिफारस सरांचीच लागणार होती. ती विचारायला गेली तर सर खुर्चीतून उठलेच. त्यांना इतका आनंद झाला की बस्स. "अगं, तुझ्यासारखी गोष्ट कुणाकडे आहे? दोन बोटं नाहीत, सुरुवातीला हातामुळे सगळं बिघडायचं, पण पोरीनं जिद्द सोडली नाही! समिती रडेल, बेटा. मी असंच लिहितो. मुलाखतीतही तू असंच सांग."

"पण सर, हातामुळे काही बिघडलंच नव्हतं."

"तपशिलात कशाला शिरायचं? एसीबिसीचं काढू नकोस तिथे, बरं दिसत नाही. तुझ्या भल्यासाठी सांगतोय."

बघा कसा पेच होता. खोटं बोलली तर टेबल जवळजवळ हातात. त्यात तिचंच कौतुक, हार-तुरे, टाळ्या. फक्त एवढं मान्य करायचं की प्लेटा माझ्या हातानं नासल्या. खरं बोलली तर शिफारस करणाऱ्यालाच खोटं पाडल्यासारखं होणार. मग पुरस्कार तर जाईलच, वर परत त्याच खोलीत, त्याच सरांसमोर, त्याच स्टुलावर.

घरी यावर सभा भरली. आईचं मत स्पष्ट होतं. "घे की पदरात पाडून. त्यात खोटं काय आहे? बोटं नाहीतच ना तुला."

ती वाईट मनानं बोलली नाही, आई तशीच आहे, जे दिसतं ते बोलते. पण वहिनीच्या हातातला चमचा थांबला. दादा म्हणाला, "आई, बोटं नाहीत हे खरं. हात वाईट आहे हे खोटं." दादा एवढं लांब बोलला की आम्ही तिघी त्याच्याकडे बघतच राहिलो. मग तो उठून त्या स्टँडचे स्क्रू आवळत बसला.

मला विचाराल तर माझंही मन डळमळलं होतं. मी म्हटलं, "वहिनी, आधी टेबल घे. एकदा बसलीस की मग काय हवं ते बोल."

तिनं माझ्याकडे ते तिचं बघणं बघितलं. "तू शिकाऊ माणसाला सांगतेस का, आधी सिग्नल तोड, परवाना मिळाला की मग थांबत जा?"

माझं तोंड बंद करणारी माणसं फार नाहीत.

मुलाखतीच्या पत्रात एक ओळ होती, उमेदवारासोबत मदतनीस आला तरी चालेल. ती वाचून वहिनीला हसू आवरेना. "चला वन्सं, मदतनीस व्हा." मी म्हटलं, मदत कसली करायची? तर म्हणे, "ओरडायचं नाही, एवढीच मदत कर." मग मीच गाडी काढली. मागच्या सीटवर दादाचं स्टँड आणि जंतूंची नळी असलेला डबा. डब्याला मी सीटबेल्ट लावला. उगाच पोरं सांडायला नकोत.

मध्यवर्ती संस्थेत लांबलचक टेबलामागे समिती बसली होती. मधोमध अध्यक्षबाई, पिकलेले केस, चष्मा दोरीला टांगलेला. बाकीचे दोघं गृहस्थ. शिफारस करणारे म्हणून आमचे सर बाजूच्या खुर्चीत, चेहऱ्यावर लग्नातल्या मामासारखं समाधान. मी अगदी मागे, भिंतीला टेकून. आधीच्या मुलींच्या मुलाखती चाललेल्या ऐकल्या. एकीला ऐकू कमी येत होतं, तिला तिच्या कामाबद्दल एकच प्रश्न आणि कानांबद्दल चार. माझ्या तोंडाशी शब्द आले होते, पण मी मदत करत होते.

वहिनीची पाळी आली. अध्यक्षबाईंनी कागदावर नजर टाकली आणि मऊ आवाजात विचारलं, "सुरुवातीला हातामुळे तुमचे नमुने वारंवार बिघडायचे असं दिसतंय. किती त्रास झाला असेल! त्यावर मात कशी केलीत?"

सर मान डोलवायला तयार. आणि मला वहिनीची पाठ दिसत होती, ती ताठ झाली. माझा उजवा पाय आपोआप पुढे गेला आणि नसलेल्या ब्रेकवर दाबला गेला. मला काय हवं होतं ते मला कळेना. ती थांबावी असं वाटत होतं, आणि थांबली असती तर मी तिला माफ केलं नसतं.

"हातामुळे बिघडले नाहीत, मॅडम," वहिनी म्हणाली. "एसीमुळे बिघडले."

सरांच्या चेहऱ्यावरचं समाधान तिथेच राहिलं, फक्त त्याच्यातला जीव गेला. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "पण तुमच्या मार्गदर्शकांनी तर लिहिलंय..."

"चुकीचं लिहिलंय. ज्योतीवर काम चालू असताना डोक्यावर एसी चालू असायचा. मी तपासून पाहिलं, प्लेटा सरांना दाखवल्या. एसी साफ केल्यावर बुरशी थांबली."

सर अर्धवट उठले. "तसं नाही, मॅडम, थोडा गैरसमज..."

डावीकडच्या गृहस्थांनी त्यांना हातानंच थांबवलं आणि वहिनीला विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, खरंच कोडं पडलं होतं. "पण हाताची अडचण नसेल, तर या पुरस्कारासाठी तुम्ही कशा बसता?"

"अडचण आहे ना," ती म्हणाली. "अडचण अशी आहे की हात बघितला की लोक प्लेट बघत नाहीत. मला स्टुलावर बसवलं ते बोटांनी नाही, सरांनी. मला सामावून घ्यायचं असेल तर माझ्या कामासकट घ्या. माझी कीव करून टेबल देणार असाल तर ते दुसऱ्या कुणाला तरी द्या, मला नको."

गेलं, मी मनात म्हटलं. गेलं टेबल. आणि माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दुःखाचं नव्हतं ते. मला तिचा इतका अभिमान वाटला की उठून शिट्टी मारावी.

अध्यक्षबाईंनी शिफारसपत्र बाजूला सरकवलं. मग म्हणाल्या, "काम दाखवता येईल आत्ता?"

"मदतनीस आलीय की," वहिनी म्हणाली, आणि मी डबा घेऊन पुढे झाले.

शेजारीच विद्यार्थ्यांची प्रयोगशाळा होती. समिती आली, सर आले, मुलाखत झालेल्या आणि पाळीची वाट बघणाऱ्या मुलीही दारात गोळा झाल्या. वर दोन एसी घरघरत होते. वहिनीनं स्टँड मांडलं, नळी अडकवली, संस्थेतल्या साध्या खाद्याची एक प्लेट मागून घेतली, तिचं झाकण काढलं आणि ती एसीखालच्या टेबलावर तशीच ठेवून दिली. मग स्वतःची काळीनिळी प्लेट समोर ओढली. आगपेटी उचलली आणि थांबली.

"आधी एसी बंद करा," ती म्हणाली.

तिथला शिपाई अध्यक्षबाईंकडे बघायला लागला. उकाडा मरणाचा होता. बाईंनी मान हलवली, एसी बंद झाले. वहिनीनं उघड्या प्लेटवर झाकण ठेवलं, हवा शांत व्हायची वाट पाहिली, आणि मग बर्नर पेटवला. ज्योत सरळ उभी राहिली. सरांच्या खोलीत ती अशी कधी उभी राहिली नसेल.

मग तिनं ते केलं जे ती स्टुलावर बसून फक्त बघत आली होती. तार ज्योतीत लाल केली, निववली. डाव्या हातानं झाकण काढून उपडं धरलं. तीन बोटांतली तार नळीत गेली, बाहेर आली, झाकण बसलं. प्लेटवर रेघा पडल्या, एकीला एक लागून, शेवटच्या अगदी विरळ. तिचा हात कुठेही अडला नाही. सगळ्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता, उजवीकडच्या गृहस्थांचा शर्ट पाठीला चिकटला होता, पण जागचं कुणी हललं नाही. ऐकू कमी येणारी ती मुलगी दारातून पुढे येऊन वहिनीच्या खांद्यापाशी उभी राहिली होती.

"स्टँड कुणी केलं?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"नवऱ्यानं. लिफ्ट दुरुस्त करतो."

"आमच्याकडची सगळी टेबलं करंगळीवाल्यांसाठीच आहेत," बाई म्हणाल्या, स्वतःशीच बोलल्यासारख्या. मग त्यांनी दोन्ही प्लेटांवर आपली सही केली आणि स्वतः नेऊन इनक्युबेटरच्या उबेत वाढायला ठेवल्या.

आम्ही परत निघालो. सर त्यांच्या गाडीनं पुढे निघून गेले होते. घराच्या वळणावर वहिनी म्हणाली, "उद्यापासून बहुतेक स्टूलसुद्धा नाही."

"माझ्या गाडीत सीट आहे," मी म्हटलं. "तीन बोटांवाल्यांना गिअर शिकवायला मला एक बाई हवीच आहे."

ती हसली, पण हात मांडीवर घट्ट धरून बसली होती.

पुढचे दिवस वाईट गेले. सर तिच्याशी बोलत नव्हते. आई सारखी सुस्कारे सोडायची, आणि प्रत्येक सुस्काऱ्यात 'सांगितलं होतं' एवढं ऐकू यायचं. मग एका दुपारी फोन आला. वहिनी पोळ्या लाटत होती, हाताला पीठ, म्हणून मी फोन तिच्या कानाशी धरला आणि साहजिकच माझाही कान जवळ नेला.

"तुमची प्लेट स्वच्छ आहे," अध्यक्षबाईंचा आवाज. "वलयं सुरेख पडलीत. आमच्या एसीखालची मात्र बघवत नाही. माणूस बोलावलाय." आणि मग, "टेबल तुमचं आहे. मानपत्रात एक वाक्य घालायचंय. हाताच्या अडचणीवर मात करून, असं..."

"नको," वहिनी म्हणाली.

"मग काय लिहू?"

"शाई खाणारा जंतू शोधला म्हणून. तेच केलंय मी."

मी फोन ठेवला आणि ओरडले. आता ओरडायला परवानगी होती. आई आतून धावत आली, तिला वाटलं काहीतरी करपलं. पोळी करपलीच होती म्हणा. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे एसीचं सांगूनही टेबल दिलं?" मग पदरानं डोळे पुसले आणि करपलेली पोळी स्वतःच्या ताटात घेतली.

सरांचंही सांगायला हवं. वहिनी तिथून निघाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांच्याकडच्या एका नव्या मुलीनं बर्नर पेटवण्याआधी उठून एसी बंद केला. तो परत कुणी लावला नाही. हल्ली तिथे काम चालू असलं की सर व्हरांड्यात उभे राहून रुमालानं मान पुसत असतात म्हणे. सगळ्यांना अजून बेटाच म्हणतात.

वर्ष उलटायच्या आत मी एकदा वहिनीला आणायला मध्यवर्ती संस्थेत गेले. तिच्या टेबलापाशी शिकायला आलेली मंडळी बसली होती. दादानं केलेली स्टँडं रांगेत मांडलेली, आता चांगली डझनभर. ऐकू कमी येणारी ती मुलगीही होती. तिलाही मागाहून टेबल मिळालं होतं आणि तिच्या टेबलावर प्रयोगाची वेळ संपली की घंटीच्या आवाजाऐवजी दिवा लागत होता. एसी बंद होता. आणि प्रत्येकाच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं तळव्याशी दुमडून चिकटपट्टीनं बांधलेली होती.

"हे गं काय?" मी विचारलं.

"इथे येईल त्यानं आधी तीन बोटांनी शिकायचं," वहिनी म्हणाली. "म्हणजे उद्या कुणी दोन बोटांचं आलं, तर त्याला काय लागेल हे यांना कळेल."

रांगेच्या शेवटी ओळखीचा चेहरा दिसला. निर्जंतुक! त्याला त्याच्या कामासाठी शाई खाणारा जंतू हवा होता, आणि तो सांभाळायचा कसा हे जगात एकाच बाईला ठाऊक होतं. बिचारा घामाघूम झाला होता, तार सारखी निसटत होती. शेवटी त्यानं बांधलेला हात वर केला.

"मॅडम," तो काकुळतीला येऊन म्हणाला, "मला पाचही बोटं आहेत हो."

वहिनीनं त्याच्या हाताकडे पाहिलं, मग मायेनं त्याच्या खांद्यावर आपला तीन बोटांचा हात ठेवला.

"असू दे," ती म्हणाली. "त्यात तुझा काय दोष?"